तेझे प्रार्थना आणि धर्मग्रामातील युवक

तेझे प्रार्थना ही फ्रान्समधील बर्गंडी प्रदेशातल्या तेझे या खेड्यात विकसित झालेली समूहप्रार्थनेची पद्धत आहे. लहान आवर्ती गीते, बायबलमधील अल्प वाचन आणि दीर्घ मौन ही तिची प्रमुख अंगे होत. तेझे येथील मठवासी समुदाय आंतरपंथीय असला, तरी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अनेक देशांतील कॅथोलिक धर्मग्रामांनी युवकांना चर्चजीवनात सामावून घेण्यासाठी ही प्रार्थना स्वीकारली. धर्मग्राम (बोलीत 'पॅरिश') म्हणजे एका चर्चच्या व तेथील प्रमुख धर्मगुरूंच्या छत्राखाली येणारा श्रद्धावंतांचा समाज.

पार्श्वभूमी

समुदायाचे संस्थापक ब्रदर रॉजर (१९१५–२००५) हे स्वित्झर्लंडमधील एका प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाचे पुत्र. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, ऑगस्ट १९४० मध्ये, ते जिनिव्हाहून सायकलने तेझे येथे आले. फ्रान्सच्या व्याप्त व अव्याप्त भागांना विभागणारी रेषा या गावाजवळूनच जात होती. तेथे घेतलेल्या घरात त्यांनी ज्यूंसह अनेक निर्वासितांना आसरा दिला. १९४९ च्या ईस्टरला पहिल्या सात बंधूंनी ब्रह्मचर्य, सामाईक जीवन व साधेपणा यांचे आजन्म व्रत घेतले. १९६९ पासून कॅथोलिक बंधूही समुदायात येऊ लागले. हे बंधू देणग्या स्वीकारत नाहीत. स्वतःच्या श्रमावर उदरनिर्वाह करतात.

कॅथोलिक धर्मग्रामाशी तेझेचे नाते अगदी आरंभापासूनचे आहे. प्रोटेस्टंट बंधूंना प्रार्थनेसाठी जागा मिळाली ती गावातल्या रोमनेस्क शैलीतील जुन्या कॅथोलिक चर्चमध्ये. १९४८ मध्ये तशी परवानगी देणारे पोपचे फ्रान्समधील राजदूत रोंकाली हेच पुढे पोप तेविसावे जॉन झाले. युवकांची संख्या वाढल्यावर ते चर्च अपुरे पडू लागले आणि १९६२ मध्ये 'समेटाचे चर्च' उभे राहिले. ते बांधण्यासाठी जर्मनीतील तरुण स्वयंसेवक आले होते. महायुद्धानंतर अवघ्या सतरा वर्षांनी, फ्रेंच भूमीवर जर्मन हातांनी बांधलेली ही वास्तू आहे, हे तिचे नाव वाचताना लक्षात ठेवावे.

प्रार्थनेचे स्वरूप

तेझे येथे दिवसातून तीनदा घंटा वाजते आणि सर्व कामे थांबतात. युवक जमिनीवर बसतात. बंधू त्यांच्या मधोमध बसतात. गीत एखाद्या वाक्याचेच असते. ते पुनःपुन्हा गायले जाते, त्यामुळे पुस्तक हाती न घेता नवखाही दोन-तीन आवर्तनांत त्यात सामील होतो. नामस्मरणाची किंवा पालुपदाची सवय असलेल्या मराठी वाचकाला या रीतीचे मर्म समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. या गीतांपैकी अनेकांना पॅरिसमधील ऑर्गनवादक झाक बेर्तिए (मृत्यू १९९४) यांनी चाली दिल्या. १९७० च्या दशकात विविध भाषांचे युवक एकत्र येऊ लागले, तेव्हा लॅटिनचा मोठा वापर झाला. कारण ती कोणाचीच मातृभाषा नव्हती आणि म्हणून कोणालाच झुकते माप देत नव्हती.

वाचनानंतर साधारण आठ-दहा मिनिटे संपूर्ण मौन पाळले जाते. प्रवचन नसते. शुक्रवारी रात्री क्रूस जमिनीवर आडवा ठेवतात आणि ज्याला इच्छा असेल तो त्यावर कपाळ टेकवून आपले ओझे मूकपणे तेथे ठेवतो. शनिवारी रात्री हातोहाती मेणबत्त्या पेटवून पुनरुत्थानाचे स्मरण केले जाते. शुक्रवारचे मरण, शनिवारची प्रतीक्षा आणि रविवारचा ख्रिस्तयाग असा ईस्टरचा क्रम प्रत्येक आठवड्यात युवकाच्या अनुभवास येतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात जे सांगून समजत नाही, ते येथे कृतीतून उमगते.

धर्मग्रामाची भूमिका

तेझेने युवकांची स्वतंत्र संघटना काढण्याचे जाणीवपूर्वक टाळले. आठवडाभर राहून गेलेल्या युवकाने आपल्या गावी, आपल्या धर्मग्रामात परतावे, असा ब्रदर रॉजर यांचा आग्रह होता. क्राकोचे आर्चबिशप असताना तेझेला येऊन गेलेले पोप दुसरे जॉन पॉल यांनी ५ ऑक्टोबर १९८६ रोजी तेथे दिलेल्या भेटीत हाच मुद्दा मांडला. झऱ्याजवळ थांबून तहान भागवावी आणि पुढची वाट धरावी, अशा आशयाचे रूपक त्यांनी वापरले.

या धोरणाचे प्रत्यक्ष रूप वर्षअखेरीच्या युरोपीय मेळाव्यात दिसते. पहिला मेळावा १९७८ च्या अखेरीस पॅरिसमध्ये झाला. १९८९ मध्ये पोलंडमधील वृत्स्वाफ आणि १९९० मध्ये प्राग येथे मेळावे झाले. मेळाव्याचा भार यजमान शहरातील धर्मग्राम व अन्य पंथीयांच्या मंडळ्या उचलतात. काही महिने आधीपासून बंधू व स्वयंसेवक त्यांच्याकडे जाऊन घरे शोधतात. पाहुण्याला पलंग नको. पथारी पसरण्यापुरती जमीन पुरते. सकाळची प्रार्थना त्या-त्या धर्मग्रामात होते. त्यानंतर परिसरातील सेवाकार्य करणाऱ्यांशी भेटीगाठी होतात, तर दुपारी व संध्याकाळी सारे शहराच्या मध्यवर्ती ठिकाणी जमतात. ३१ डिसेंबरच्या रात्री पुन्हा धर्मग्रामातच शांततेसाठी जागर होतो. ज्या चर्चमध्ये एरवी पांढऱ्या केसांचीच माणसे दिसतात, तेथे एका सकाळी परभाषी तरुण भरलेले पाहणे, हा यजमानांसाठीही अनुभव असतो. अनोळखी मुलांना घराची किल्ली देणारी वृद्ध माणसे हा या मेळाव्यांचा खरा कणा होय.

मेळाव्यानंतर काय उरते, हा प्रश्न मात्र अवघड आहे. अनेक धर्मग्रामांत महिन्यातून एकदा तेझे प्रार्थना होते. जेथे वाचन, गायन व सजावट ही कामे युवकांकडे सोपवली जातात, तेथे ती रुजण्याची शक्यता अधिक; जेथे वडीलधारी मंडळी केवळ चाली उचलतात आणि मौनाला कात्री लावतात, तेथे उरतो तो मेणबत्त्यांचा देखावा. शिवाय ही प्रार्थना कॅथोलिक उपासनेत मिस्सेची जागा घेऊ शकत नाही, याकडेही धर्मगुरू लक्ष वेधतात. पोप फ्रान्सिस यांच्या 'ख्रिस्तुस व्हिव्हित' (२०१९) या पत्रात मौन, आराधना व वचनाधारित प्रार्थना यांकडे युवक ओढले जात असल्याची दखल घेतलेली आहे.

आघात आणि विश्वासार्हता

१६ ऑगस्ट २००५ रोजी सायंप्रार्थनेच्या वेळी एका मनोरुग्ण स्त्रीने केलेल्या चाकूहल्ल्यात ब्रदर रॉजर यांचा मृत्यू झाला. त्यांनी आधीच निवडलेले कॅथोलिक बंधू अलॉइस यांनी धुरा सांभाळली. २०१९ मध्ये अलॉइस यांनी, पूर्वीच्या दशकांत काही बंधूंनी केलेल्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी स्वतःहून जाहीर केल्या. युवकांच्या विश्वासावर उभ्या असलेल्या स्थानासाठी ही बाब गंभीर होती. तिच्या उल्लेखाविना तेझेचा इतिहास अपुरा राहील. डिसेंबर २०२३ पासून इंग्लंडचे अँग्लिकन बंधू मॅथ्यू समुदायप्रमुख आहेत. तत्पूर्वी ३० सप्टेंबर २०२३ रोजी, बिशपांच्या महासभेच्या पूर्वसंध्येला, रोममधील सेंट पीटर चौकात पोप फ्रान्सिस यांच्या उपस्थितीत झालेल्या आंतरपंथीय जागरणाच्या आयोजनात तेझेचा पुढाकार होता.

भारताशी संबंध

ब्रदर रॉजर १९७६ मध्ये कोलकात्यात राहिले होते. मदर तेरेसा यांच्याशी त्यांचा स्नेह होता आणि दोघांनी मिळून पुस्तकेही लिहिली. १९८५ च्या अखेरीस मद्रास (आताचे चेन्नई) येथे तेझेचा आंतरखंडीय मेळावा झाला आणि ऑक्टोबर २००६ मध्ये कोलकात्यात तसाच दुसरा मेळावा भरला. शेजारच्या बांगलादेशातही तेझेचे काही बंधू दीर्घकाळ राहत आले आहेत. तेथील गरीब व अपंग व्यक्तींच्या सहवासात प्रार्थना करणे, हेच त्यांनी आपले मुख्य काम मानले.