बीयू २०८चं कुळ

हदगावात जुन्या माणसांपुढं ‘ट्रान्झिस्टर’ म्हणा, त्यांच्या डोळ्यांपुढं रेडिओ येतो. रानात जाताना खांद्याला अडकवलेला, कातडी वेष्टनातला. आतल्या तीन पायांच्या तुकड्याचं नाव सगळ्या पेटीलाच चिकटलं. तो शब्द १९४८ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जॉन पिअर्स यांनी सुचवला होता. दुरुस्तीच्या दुकानात मात्र तो मूळ अर्थानंच वापरात राहिला. टीव्हीचं मागचं झाकण काढायचं, मीटरची दोन टोकं टेकवायची, मीटर वाजला की निकाल ठरलेला : “मामा, लाइन आऊटपुट गेलंय बघा.” रंगीत टीव्हीच्या पहिल्या काळात हे लाइन आऊटपुट, म्हणजे पडद्यावर ओळी आखणारा ट्रान्झिस्टर, बहुतेकदा बीयू २०८.

त्याचं कुळ नावातच लिहिलेलं आहे. युरोपातल्या पद्धतीत पहिलं अक्षर पदार्थाचं : ए म्हणजे जर्मेनियम, बी म्हणजे सिलिकॉन. दुसरं कामाचं : डी म्हणजे आवाजाचं जड काम, यू म्हणजे मोठ्या ताकदीची उघडझाप. रेडिओतला एसी १२८ जर्मेनियमचा, हे त्याच्या पहिल्या अक्षरावरूनच कळतं.

जर्मेनियम आधी आलं, पण उष्णतेपुढं ते टिकेना. शंभर अंशांच्या आतच त्यातून वीज झिरपू लागते. १९५४ च्या जानेवारीत बेलमध्ये मॉरिस टॅनेनबॉम यांनी सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर करून दाखवला आणि मे महिन्यात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या गॉर्डन टील यांनी तो विकायच्या तयारीनिशी जाहीर केला. धातूच्या घरातलं सिलिकॉन आतून २०० अंशांपर्यंत तग धरतं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये अँप्लिफायर चालवणाऱ्याला या फरकाची किंमत सांगावी लागत नाही.

या घराण्यातला मला सगळ्यात जवळचा वाटतो तो टू-एन ३०५५. आरसीए कंपनीनं तो १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आणला. शंकरपाळ्याच्या आकाराचा लोखंडी तळ, दोन स्क्रूंची भोकं, वर टोपी. पेलायचा १५ अँपिअर आणि ६० व्होल्ट. उष्णता मात्र ११५ वॅट, तीही तळ २५ अंशांवर असेल तर. तळ शंभर अंशांवर गेला की हीच ताकद सुमारे ६६ वॅटवर येते. म्हणून त्याच्याखाली ॲल्युमिनियमचा जाड पत्रा, मध्ये अभ्रकाची चकती आणि पांढरी पेस्ट. त्याचा बेसचा, म्हणजे इशारा घेणारा मधला थर जाड होता, त्यामुळं तो मंद होता. पण त्याच जाडीमुळं वीज एका जागी गोळा होऊन आतली सिलिकॉनची चकती वितळण्याचा धोकाही कमी. सप्ताहाच्या मांडवातल्या अँप्लिफायरला आणि बॅटरीवरच्या साध्या इन्व्हर्टरला असाच सोशिक गडी हवा होता. इन्व्हर्टरमध्ये सेकंदाला पन्नास फेऱ्या. दर अर्ध्या फेरीला दहा हजार मायक्रोसेकंद मिळतात, तिथं बंद व्हायला पाच-दहा मायक्रोसेकंद जास्त लागले तरी काही बिघडत नाही.

टीव्हीत बिघडतं. पडद्यावरची एक ओळ ६४ मायक्रोसेकंदांची, आणि त्यातल्या साधारण बाराच मायक्रोसेकंदांत किरण उजवीकडून डावीकडं परत यायचा. तेवढ्यात ट्रान्झिस्टर बंद व्हायला हवा आणि बंद होताच अंगावर येणारे हजाराच्या वरचे व्होल्ट त्यानं सोसायला हवेत. बीयू २०८ची हद्द १५०० व्होल्ट.

घोळ इथंच आहे, आणि दारं धरणाऱ्याला तो लगेच कळेल. मोटर बंद केली तरी पाटात भरलेलं पाणी वाफ्यात जातच राहतं. पाट जितका रुंद आणि लांब, तितका वेळ जास्त. इतके व्होल्ट सोसायचे तर कलेक्टरचा, म्हणजे बेसच्या एका बाजूचा थर जाड आणि अशुद्धी अगदी कमी असलेला ठेवावा लागतो. असा थर विजेला अडवतो. तो मोकळा करायचा तर चालू असताना त्यात विजेचे कण तुडुंब भरावे लागतात. मग बंद करताना तेच साचलेले कण आधी काढावे लागतात. बीयू २०८ला त्यासाठी सात ते दहा मायक्रोसेकंद लागतात.

बेसला उलटा दाब देऊन ते ओढून काढता येतात, पण हिसका मारून नव्हे. घाईनं ओढलं तर दुसऱ्या बाजूचा, एमिटरकडचा सांधा आधी बंद पडतो, कलेक्टरमधले कण आतच अडकतात, व्होल्ट चढत असताना वीज वाहत राहते आणि चकती तापते. म्हणून जाणत्या अभियंत्यांनी बेसच्या वाटेत मुद्दाम छोटी कॉइल घातली : उलटा प्रवाह बेताबेतानं वाढावा, एवढंच तिचं काम. ही कॉइल मला या सगळ्या कुळातली सर्वात देखणी युक्ती वाटते. बेसला प्रवाह देणाऱ्या ड्रायव्हर भागात ड्राय सोल्डर असेल किंवा कपॅसिटर वाळलेला असेल, तर हा बेत ढळतो. ट्रान्झिस्टर बदलून टीव्ही परत दिला की आठवड्यात तोच टीव्ही पुन्हा टेबलावर. खरा कारागीर नवा बीयू २०८ बसवण्याआधी ड्रायव्हर तपासतो.

धाकटी पाती अमेरिकेतच, मोटोरोलाच्या १३००० मालिकेत जन्मली. त्यात एमिटरची बारीक बोटं बेसच्या बोटांत गुंफली, म्हणजे साचलेल्या कणांना कोणत्याही जागेहून काठ जवळ. १३००३ पुढं सीएफएल दिव्याच्या बुडाशी बसला आणि सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करू लागला. भारनियमनाच्या वर्षांत मराठवाड्यात घराघरांत हे दिवे आले. दिवा फुटला की छोट्या पाटीवर तीन पायांचे दोन काळे तुकडे दिसायचे, ते हेच.

१९८०च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकमध्ये, मद्रास आयआयटीत शिकलेल्या बी. जयंत बालिगा यांनी आयजीबीटी नावाचा ट्रान्झिस्टर पुढं आणला. त्याच्या दाराशी बेसचा प्रवाह नको, नुसता व्होल्टेजचा इशारा पुरे. आत मात्र जुनंच घराणं. आज इंडक्शन शेगडीत तोच असतो. त्याच्या माहितीच्या तक्त्यात बंद होतानाच्या आलेखाला अजून एक शेपटी दिसते : साचलेले कण शेवटी विरतात, तोवर थोडी वीज वाहत राहते.