चवदार तळे 'सार्वजनिक' होते का?

अर्थशास्त्रात सार्वजनिक वस्तूची दोन लक्षणे शिकवतात. एकाने वापरली म्हणून दुसऱ्याचा वाटा कमी होत नाही, आणि कोणाला वगळायचे म्हटले तर ते अशक्य किंवा फार खर्चिक असते. आता ही फूटपट्टी महाडच्या चवदार तळ्याला लावून पाहा.

ओंजळभर पाण्याने तळे आटणार नव्हते. त्याला कुलूप नव्हते, तिकीट नव्हते. गुरेढोरे तिथे पाणी पीत. अस्पृश्य मात्र पिऊ शकत नव्हते. वगळण्याचा खर्च शून्य, कारण पहारा जात देत होती!

१९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले, पण कागदावरच. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले, पाणी प्याले. उत्तर काय मिळाले? लाठ्या, पंचगव्याने 'शुद्धीकरण' आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठरावच मागे घेतला. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडले.

म्हणजे वस्तू आपल्या गुणधर्माने सार्वजनिक होत नाही. ती हक्काने, संघर्षाने सार्वजनिक करावी लागते. आज सरकारी शाळा, दवाखाने, पाणी यांच्या खासगीकरणाची चर्चा होते तेव्हा मित्रांनो, एकच प्रश्न विचारा: दारावर आता पहारा कोणाचा? जातीचा, पैशाचा, की दोघांचा?

जय भीम!