न्हाणापासून अठरापर्यंत : खानदेशातील वयात येण्याचा इतिहास

चाळीसगावकडच्या जुन्या शेतकरी घरांत मुलीच्या लैंगिक आयुष्याचा निर्णय आईबाप घेत, तोही बहुधा तिला न्हाण, म्हणजे पहिली पाळी, येण्याआधी. सोयरीक जुळली की लग्न लागे आणि न्हाण आल्यावर ओटी भरून तिला नांदायला पाठवीत. कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे लग्न तेराव्या वर्षी झाले, त्यात कोणाला वावगे वाटले नाही. शरीराविषयी चार शब्द सांगायचे काम आईपेक्षा आजी, आत्या नाहीतर थोरली वहिनी करी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येत, झोक्यावर गाणी म्हणत. त्या गाण्यांतून आणि भोवतीच्या कुजबुजीतून धाकट्या पोरींना बरेच उमगे. मुलग्यांच्या वाट्याला तेवढेही येत नसे.

कायदा या घरात फार हळू शिरला. १८६० च्या दंडसंहितेत संमतिवय १० वर्षे होते, १८९१ मध्ये ते १२ झाले. परक्या सरकारने घरच्या रीतीत हात घालू नये, म्हणून टिळकांनी त्या सुधारणेला विरोध केला. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ ठरवले. पण तक्रार करणार कोण? आईबाप, भटजी, वऱ्हाडी सगळेच त्यात सामील! र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य'मधून लैंगिक ज्ञान देत होते. शेतकऱ्याच्या ओसरीपर्यंत ते क्वचितच पोचले असेल.

१९७८ मध्ये मुलीच्या लग्नाचे वय १८ झाले. त्याच सुमारास शाळा आणि एसटी गावोगाव पोचत होत्या. न्हाण आणि लग्न यांत पाच-सहा वर्षांचे अंतर पडले. जुन्या रीतीकडे या वर्षांसाठी शब्दच नव्हते, कारण आत्या-वहिनीची शिकवण लग्न ठरल्यावरच सुरू होई. ती पोकळी पालकांनी बोलण्याने नव्हे, पहाऱ्याने भरली. २००७ साली राज्याने शाळांतले लैंगिक शिक्षणही थांबवले.

ऊसतोडीला जाणाऱ्या तांड्यांवर तर पहारा ठेवायलाही कोणी उरत नाही. वयात आलेली पोर सहा महिने घरी एकटी ठेवण्यापेक्षा तिचे लग्न लावलेले बरे, असा हिशेब होतो. शिवाय ऊसतोडीत नवराबायकोचा मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी, धरला जातो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात सुमारे २२ टक्के होत्या, जळगाव जिल्ह्यात २८ आणि धुळ्यात ४०.

पालकांनी पहाऱ्याऐवजी मुलांशी बोलण्याचा परिणाम होतो, हे इतरत्र तपासले गेले आहे. सुमारे २५ हजार किशोरवयीनांवरील अभ्यासांचा २०१६ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. पालकांशी या विषयावर बोलणारी मुले निरोध वा गर्भनिरोधके काहीशी अधिक वापरतात, आणि हा फरक मुलींमध्ये व आईशी बोलणे होते तिथे जास्त दिसतो, असे त्यात आढळले.

इकडे मात्र पहाऱ्यालाच कायद्याची जोड मिळाली. २०१२ च्या पोक्सो (बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण) कायद्याने संमतिवय १८ केले. शारदा कायद्याखाली सहसा तक्रार न करणारे पालक आता मुलगी स्वतःच्या पसंतीच्या मुलाबरोबर निघून गेली की पोक्सोखाली फिर्याद देतात.