खरी नक्कल

२९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत एका प्रीमियर पद्मिनीची टॅक्सी म्हणून नोंद झाली. मुंबईत टॅक्सीचे आयुष्य वीस वर्षांचे. म्हणून २०२३चा ऑक्टोबर सरला तेव्हा या शहरातली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. करी रोडच्या पुलावरून काळ्या-पिवळ्या पद्मिन्यांची रांग ज्यांनी वर्षानुवर्षे पाहिली, त्यांना ती बातमी लागली. तिचे इंजिन अजून चालते का, हा प्रश्नच आला नाही. निर्णय केला तो नोंदणीच्या तारखेने. गाडीचे आयुष्य कागद ठरवतो, हे इतके स्पष्ट क्वचितच दिसते.

करी रोडही ताडदेवच्याच हद्दीत येते. इथल्या गाडीच्या पाटीवर ‘एमएच ०१’ असते. अशा पत्त्यावर कोणी घरी बांधलेली, एखाद्या गाजलेल्या स्पोर्ट्स कारची प्रतिकृती विकायला काढली, तर तिचा इतिहास कशाच्या आधारे लिहायचा? रूपावरून लिहिता येत नाही, कारण रूप दुसऱ्याचे आहे. विकणाऱ्याच्या सांगण्यावरून लिहिला तर ती बखर होईल. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हापासून मराठी वाचकाला एक शिस्त लागली आहे: आधी अस्सल कागद, मग कथा. तीच शिस्त इथे लावून पाहू.

सर्वांत जास्त नकला झालेल्या गाड्यांपैकी एक म्हणजे लोटस सेव्हन. कॉलिन चॅपमन यांनी ती १९५७ मध्ये इंग्लंडात आणली. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, दोन माणसांची जागा, दरवाजे नाहीत. सुरुवातीच्या गाडीत फोर्डचे ११७२ सीसीचे साधे इंजिन होते आणि वजन पाचशे किलोंहून कमी. ही गाडी घरोघरी का बांधली गेली, याचे उत्तर तिच्या यंत्रात जेवढे आहे तेवढेच त्या काळच्या करकायद्यात आहे. ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी कर लागे, सुट्या भागांच्या संचावर लागत नसे. मात्र संचासोबत जोडणीच्या सूचना दिल्या तर सवलत जाई. तेव्हा गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या गेल्या आणि लोकांनी त्या शेवटापासून सुरुवातीकडे वाचल्या. म्हणजे घरी बांधलेली सेव्हन ही नक्कल नव्हती. ती कंपनीच्याच भागांतून झालेली अस्सल गाडी होती. १९७३ मध्ये खरेदी कर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि ती सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कार्सकडे गेले.

नक्कल म्हणावी अशी परंपरा नंतर फोफावली. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांचे, अवघ्या अडीचशे पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार बांधण्याचे पुस्तक निघाले. जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा आस काढायचा. सांगाडा स्वतः कापून वेल्ड करायचा. ज्या गाडीचे अवयव घ्यायचे तिला तिकडे ‘दाता’ गाडी म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवावा, कारण पुढचा सगळा गुंता या दात्याच्या कागदांत आहे.

महाराष्ट्रात सेव्हनचे वंशज शोधायचे तर अलिबाग–पेण रस्त्यावरच्या कार्लेखिंडीत जावे लागते. गीडो बोथे आणि शमा बोथे यांच्या चिंकारा मोटर्सने तिथे सेव्हनच्या घाटाची ‘रोडस्टर १.८ एस’ हाताने बांधली. नळ्यांचा सांगाडा, फायबरग्लासची बॉडी आणि इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन. इसुझूचेच १.८ लिटरचे इंजिन हिंदुस्थान मोटर्सच्या अ‍ॅम्बॅसिडरमध्येही होते. इंग्लंडमधल्या चपळ गाडीचा आराखडा आणि सरकारी कचेऱ्यांसमोर उभ्या असणाऱ्या गाडीच्या गोत्राचे इंजिन यांची गाठ रायगड जिल्ह्यात पडली. इथे नक्कल लपवलेली नाही. गाडीवर बांधणाऱ्याचे स्वतःचे नाव आहे, लोटसचे नाही. प्रतिकृती आणि बनावट यांतला फरक मला इथे दिसतो.

पण एकट्या माणसाने घरी बांधलेल्या गाडीची वाट अवघड आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ हे उत्पादक समोर ठेवून लिहिलेले आहेत. नियम १२६ प्रमाणे गाडीच्या नमुन्याची अधिकृत संस्थेकडून चाचणी व्हावी लागते. पुण्याची एआरएआय, भोसरीची सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई या तीन संस्था आपल्याच राज्यात आहेत. नव्या गाडीची नोंदणी करताना नमुना २० चा अर्ज, विक्रेत्याचे नमुना २१ चे प्रमाणपत्र आणि उत्पादकाचे रस्तायोग्यतेचे नमुना २२ लागते. जो स्वतःच उत्पादक आणि स्वतःच गिऱ्हाईक आहे, त्याने २१ आणि २२ कोणाकडून आणायचे?

म्हणून बहुतेक हौशी माणूस दात्याच्या कागदाकडे वळतो. जुनी गाडी घ्यायची, तिचे नोंदणी पुस्तक जिवंत ठेवायचे आणि त्या क्रमांकावर नवी गाडी चालवायची. कलम ५२ ही वाट अडवते: नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल, असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात हाच अर्थ ठामपणे सांगितला. विकत घेणाऱ्याला हे माहीत नसेल, तर तो गाडीबरोबर एक कायदेशीर अडचणही घरी आणतो.

आता प्रत्यक्ष परीक्षा. समजा, पुढ्यात सेव्हनच्या घाटाची गाडी आहे आणि पुस्तकात लिहिले आहे ‘प्रीमियर पद्मिनी’. पुस्तक बोलते, फक्त त्याला नीट विचारावे लागते. आसनक्षमतेच्या रकान्यात चालकासह चार-पाच माणसे आहेत, समोर जागा दोनच. चाकांच्या दोन आसांमधले अंतर पद्मिनीत २३४० मिलिमीटर. सेव्हनमध्ये ८८ इंच, म्हणजे साधारण २२३५ मिलिमीटर. टेप लावून दोन मिनिटांत कळते. रिकाम्या गाडीचे वजन पुस्तकात नऊशे किलोंच्या आसपास असेल. वजनकाट्याची पावती वेगळे सांगेल. हे तिन्ही तपशील कागदात एक आणि पत्र्यात दुसरे असतील, तर तो कागद या गाडीचा नाही.

चौथा पुरावा सर्वांत बोलका आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी मूळची फियाट ११००. तिला वेगळी चॅसी नाहीच. तळ आणि बॉडी एकसंध पत्र्याची, आणि क्रमांक त्याच पत्र्यावर ठोकलेला. बॉडी काढली की पद्मिनी उरत नाही. मग नळ्यांच्या सांगाड्यावर पद्मिनीचा चॅसी क्रमांक दिसला, तर तो पत्र्याचा तुकडा कापून जोडलेला असणार किंवा नव्याने ठोकलेला. दोन्ही गोष्टी धोक्याच्या. याउलट मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड हेराल्डला स्वतंत्र चॅसी होती, जीपलाही असते. अशा दात्यावर नवी बॉडी बसवली, तर मूळ क्रमांक मूळ लोखंडावर टिकून राहतो. बदलाची परवानगी हा प्रश्न उरतो, पण ओळख पुसली जात नाही. इतिहासकार पत्रातली शाई, वळण आणि मायना तपासतो, तशीच ही अंतर्गत परीक्षा आहे.

विक्रेता एखादे वेळी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून सांगेल. जुलै २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यासाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असावी लागते. पाटीवर ‘व्हीए’ अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये. घरी बांधलेली प्रतिकृती कितीही सुंदर असली तरी या व्याख्येत बसत नाही. १९५७ हे तिच्या आराखड्याचे साल आहे, तिच्या जन्माचे नाही.

ब्रिटनने या पेचावर एक प्रामाणिक तोड काढली. ज्या गाडीचे वय किंवा ओळख निश्चित नाही, तिला १९८३ पासून ‘क्यू’ अक्षराची पाटी मिळते. घरी बांधलेल्या गाडीची स्वतंत्र तपासणी होते आणि बांधणाऱ्याकडून फोटो व पावत्या मागितल्या जातात. कॅलिफोर्नियात अशा गाड्यांसाठी वर्षाला पाचशे जागांची खास सोय आहे. आपल्याकडे अशी खिडकी उघडावी, असे मला मनापासून वाटते. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ मध्ये स्वतःच्या बळावर ‘मीरा’ ही छोटी मोटार घडवली, पुढे वर्षानुवर्षे सुधारली. तरी ती कधी बाजारात आली नाही. जिथे हात एवढे जाणते आहेत, तिथे त्यांच्या कामाला स्वतःचा कागद मिळायला हवा. नाहीतर बांधणारा दुसऱ्या गाडीच्या नावामागे लपतो आणि त्याचे कौशल्यच इतिहासातून गळते.

मराठीत ‘नक्कल’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक सोंगाचा. दुसरा कचेरीतला: अर्ज करून, फी भरून मिळणारी, मुळाशी ताडून पाहिलेली प्रत. तिच्यावर ‘खरी नक्कल’ असा शिक्का पडतो. या दुसऱ्या नकलेला आपण कमी लेखत नाही, कारण ती स्वतःला मूळ म्हणवत नाही. मूळ कुठे आहे आणि प्रत कोणी ताडली, हे ती सांगते. घरी बांधलेल्या गाडीलाही हीच प्रतिष्ठा मिळू शकते. सांगाडा कधी वेल्ड केला, नळ्या कोणत्या मापाच्या, इंजिन कोणत्या गाडीचे आणि त्या गाडीची नोंदणी कलम ५५ प्रमाणे रद्द झाली का, बॉडीचा साचा कोणी काढला, प्रत्येक टप्प्याचा तारखेसह फोटो, प्रत्येक भागाची पावती, हे सगळे एका फायलीत असावे. मालकी बदलताना नमुना २९ आणि ३० भरले जातात, विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचे असते. पण त्या दोन अर्जांत बांधणाऱ्याच्या रात्री मावत नाहीत. त्या फायलीत मावतात.

करी रोडच्या परिसरात गिरण्यांनी फिटर आणि टर्नर यांच्या पिढ्या घडवल्या. १९८२च्या संपानंतर त्यातल्या कितीतरी हातांचे काम गेले आणि मागे हजेरीपटावरच्या नावापलीकडे फारसे काही उरले नाही. आज तिथे कोणी घरी गाडी बांधत असेल, तर त्याच्या हातांचेही तेच होऊ नये. गाडी विकताना विकणाऱ्याने चावीच्या आधी ती फाइल घेणाऱ्याच्या हातात ठेवावी.