जोडातून निघालेलं भूत

1896 साली पॅरिसच्या जॉर्ज मेलिएसने जेमतेम तीन मिनिटांची एक फिल्म केली. नाव ‘ल मान्वार द्यु दियाब्ल’, म्हणजे सैतानाचा वाडा. वटवाघूळ घिरट्या घालत आत येतं आणि बघता बघता त्याचा सैतान होतो. कढईतून बाई निघते, सांगाडा प्रकटतो, शेवटी क्रूस समोर धरला की सैतान गायब. जगातला पहिला भयपट म्हणून याच फिल्मचं नाव घेतलं जातं. मेलिएस पेशाने जादूगार होता. 1888 मध्ये त्याने रॉबेर-हूदँ हे जादूचं थिएटर विकत घेतलं होतं. लोकांचा थरकाप उडवण्यापेक्षा त्यांना चकित करायचं, हसवायचं, हाच त्याचा धंदा.

एका क्षणात एकाचं दुसरं करून दाखवण्याची ही युक्ती त्याला सुचली कशी? स्वतः मेलिएसने सांगितलेली गोष्ट प्रसिद्ध आहे: ऑपेराच्या चौकात चित्रण करताना कॅमेरा अडकला, पुन्हा सुरू झाला तेव्हा पडद्यावर बसगाडीची शववाहिका झाली. गोष्ट झकास आहे, पण मला ती पुरेशी वाटत नाही. 1895 मध्येच एडिसनच्या कंपनीने याच युक्तीने स्कॉटलंडच्या राणी मेरीचं मुंडकं उडवून दाखवलं होतं. शिवाय कॅमेरा थांबवून पात्र बदललं एवढ्याने काम भागत नाही. थांबताना आणि सुरू होताना काही चौकटी बिघडतात. त्या कापून दोन टोकं अशी बेमालूम जोडायची की नटाचा हात पूर्वीच्याच जागी दिसला पाहिजे. मेलिएसच्या प्रती तपासणाऱ्यांना असे जोड सापडले आहेत. म्हणजे निम्मी जादू कॅमेऱ्यात, निम्मी कात्रीत.

जोड म्हणजे काय, ते मला अकोल्यातल्या एका जुन्या ऑपरेटरकाकांनी दाखवलं. हयात टुरिंग टॉकीजमध्ये गेलेली. टोकं सरळ कापायची, एका टोकावरचा लेप ओला करून ब्लेडने खरवडायचा, फिल्म सिमेंट लावायचं आणि भोकावर भोक बसवून दाबून धरायचं. “जोड कच्चा राह्यला तं फिल्लम गेटातच तुटते, भाऊ.” प्रत झिजून दोन-चार फूट फिल्म कापावी लागली की दारात उभा असलेला नट एकदम खाटेजवळ दिसे, आणि यात्रेतल्या तंबूत शिट्ट्यांचा पाऊस पडे. मेलिएस जे मुद्दाम करायचा, ते वऱ्हाडात नाइलाजाने घडत होतं.

पडद्यावरचं भूत मात्र सिनेमापेक्षा जुनं. 1799 च्या सुमारास पॅरिसमधल्या एका ओसाड मठात रोबेरसन नावाचा खेळवाला चाकांवरचा काचचित्रांचा दिवा पडद्यामागे सरकवून सांगाडे लहान-मोठे करून दाखवी. तशाच दिव्याने 1892 मध्ये कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ सुरू केली, पण दाखवल्या त्या प्रामुख्याने पुराणकथा.

दादासाहेब फाळके त्याच वाटेने गेले. मेलिएसप्रमाणे त्यांनीही जादूचे प्रयोग केले होते. आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ असं नाव घेतलं होतं. ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला, त्यात शंकर प्रकट होतात ते मेलिएसच्या सैतानासारखेच, एका क्षणात. पाठोपाठ ‘मोहिनी भस्मासुर’ आला. 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये हनुमानाने उड्डाण केलं. फ्रान्समध्ये ज्या युक्तीतून भय निघालं, तिच्यातूनच आपल्याकडे दर्शन घडलं. फाळक्यांचं मोठेपण मला यात दिसतं: तंत्र परक्याचं असलं तरी कोणाला प्रकट करायचं हे त्यांनी आपल्या प्रेक्षकाकडे बघून ठरवलं.

मेलिएसने पाचशेच्या वर फिल्म केल्या. पहिल्या महायुद्धात त्यातल्या कितीतरी वितळवून बुटांच्या टाचांसाठी वापरल्या गेल्या, आणि 1923 मध्ये त्याने स्वतःच निगेटिव्ह जाळून टाकल्या. ‘सैतानाचा वाडा’ही हरवल्याचंच सगळे धरून चालले होते. 1988 मध्ये तिची प्रत सापडली ती थेट न्यूझीलंडमध्ये. ‘राजा हरिश्चंद्र’चाही आज काही भागच उरला आहे. तेव्हा अमरावती, अकोला, अचलपूर, कुठेही जुन्या टॉकीजवाल्याच्या घरी माळ्यावर रिळांचे डबे असतील, तर ते भंगारात घालू नका. नायट्रेटची फिल्म चटकन पेट घेते, म्हणून डबे घरी उघडून बघण्याच्याही भानगडीत पडू नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा.