एक धडा गाळून मानसशास्त्र?

आमच्या कॉलेजात अकरावी-बारावीला मानसशास्त्र म्हणजे आर्ट्सवाल्यांचा विषय. आम्ही सायन्सवाले तिकडे फिरकायचोही नाही. अमेरिकेत मात्र हायस्कूलची पोरं तो कॉलेजच्या तोडीने शिकतात. ‘कॉलेज बोर्ड’ ही संस्था १९९२ पासून ‘एपी सायकॉलॉजी’ची परीक्षा घेते. चांगले मार्क पडले तर बऱ्याच विद्यापीठांत त्याचं क्रेडिटही मिळतं.

या विषयाचीच परीक्षा झाली २०२३ साली, फ्लोरिडात. लैंगिक कल आणि लिंगभाव हे विषय वर्गात शिकवायला २०२२ च्या कायद्याने तिसरीपर्यंत बंदी होती. एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण मंडळाने ती, काही अपवाद सोडून, बारावीपर्यंत ताणली. आता आली का पंचाईत! एपीच्या अभ्यासक्रमात हा भाग पहिल्यापासून आहे. बोर्डाने तो बदलायला साफ नकार दिला. ३ ऑगस्टला, शाळा उघडायच्या तोंडावर, त्यांनी जाहीर केलं की हा भाग गाळला तर कोर्सला ‘एपी’ म्हणता येणार नाही. म्हणजे शिक्षकाने शिकवावं तर परवाना जायची भीती, गाळावं तर पोरांचं क्रेडिट जाणार.

दुसऱ्याच दिवशी शिक्षण आयुक्तांचं पत्र आलं: कोर्स पूर्ण शिकवा, पण ‘वयाला साजेसा’. म्हणजे नक्की कसा? ९ ऑगस्टला खुलाशाचं आणखी एक पत्र काढावं लागलं. तोवर काही जिल्ह्यांनी दुसरे कोर्स लावायला घेतले होते.

मला विचाराल तर, सोळा-सतराव्या वर्षी सगळ्यात जास्त प्रश्न पडतात ते नेमके याच धड्यातले. धडा गाळला म्हणून प्रश्न थोडेच गळतात? पोरं उत्तरं शोधतातच, फक्त तेव्हा जवळ शिक्षक नसतो. असो.