'मोगल' : एका आडनावाची कुळकथा



मी इतिहास शिकवीत असे. मोगल बादशहांचा धडा आला, की त्याच आडनावाच्या एका मुलाकडे सारा वर्ग वळून हसे. तो मान खाली घाली. त्याला द्यावयाचे उत्तर तेव्हा मजजवळ नव्हते. ते आज देतो.

'मोगल' हे 'मंगोल' या शब्दाचेच फारसीतून आलेले रूप. वाटेत मधला अनुनासिक गळाला. इ. स. १२०६ मध्ये चंगीझखानाने एकत्र आणलेल्या टोळ्यांचे ते नाव. गंमत अशी, की ज्या बाबराच्या वंशाला आपण मोगल म्हणतो, तो स्वतःला तैमूरवंशी तुर्क समजे. त्याची आई चंगीझपुत्र चगताईच्या कुळातली. तरीही आत्मचरित्रात तो मोगलांविषयी कडवटपणेच लिहितो. घराण्याने मिरविलेले बिरुद होते 'गुरकानी'. त्याचे मूळ मंगोल भाषेतील 'जावई' या अर्थाच्या शब्दात आहे, कारण तैमूरने चंगीझच्या कुळातील मुलगी केली होती. 'मोगल' हे नाव त्यांना इतरांनी चिकटविले.

पुढे ते आणखी सैल झाले. १७२४ च्या साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर निजामुल्मुल्क दक्षिणेत जवळजवळ स्वतंत्र झाला. पण नावापुरता बादशाही सुभेदारच राहिला. म्हणून मराठी कागदपत्रांत तो 'मोगल' आणि त्याचा मुलूख 'मोगलाई'. आपले मुधोळ १९४८ पर्यंत त्याच मोगलाईत होते. १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यात, नंतर आदिलाबादेत आणि २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात. म्हणजे आपले आजे-पणजे सगळेच मोगलाईतले! त्यांच्यापैकी कितीजणांनी मंगोलियाचे गवताळ माळ पाहिले असतील?

दक्षिणेतील मुसलमानांत सय्यद, शेख, पठाण यांच्याबरोबर मोगल अशीही एक ओळख आहे. पण निफाडकडे हेच आडनाव मराठा घराण्यांत आहे; मालोजीराव मोगल तेथूनच विधानसभेवर निवडून गेले. केवळ आडनावावरून रक्त ओळखू पाहणाऱ्याची येथे फजितीच व्हावयाची.

आणि हसणारी मुले तरी मंगोल शब्दांपासून कोठे सुटली होती? 'बहादूर' म्हणून पाठ थोपटली, की ती फुलत. मंगोलियाच्या राजधानीचे नाव उलानबातर, म्हणजे 'लाल वीर'. त्यातला 'बातर' तो हाच. मंगोलांत स्वतःचे कुळ सोडून पसंतीच्या सरदाराशी निष्ठेने राहणारा सोबती म्हणजे 'नोकर'. आपण बासरच्या सरस्वतीपुढे हात जोडून मुलासाठी जी मागतो, ती नोकरी त्याच शब्दापासून झालेली आहे.